जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प कसा वाचावा आणि गावाचे काम त्यात वेळेवर कसे पोहोचवावे

दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस या कोकणातल्या जिल्हा मुख्यालयांतून जवळजवळ एकाच मजकुराची बातमी येते: जिल्हा परिषदेचा इतक्या कोटींचा शिलकी अर्थसंकल्प मंजूर, अमुक खात्याला इतकी तरतूद, तमुक सदस्यांची नाराजी. ती वाचून गावातले लोक आपल्या पाखाडीचे (पायवाटेचे), साकवाचे (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचे) किंवा शाळेच्या छपराचे काम त्यात आहे का, अशी चौकशी सुरू करतात. पण तोपर्यंत चौकशीची वेळ निघून गेलेली असते. मार्चची सभा ही या व्यवहारातली शेवटची सही असते. रक्कम कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या कोणत्या सदराखाली, पडायची आणि कोणत्या वाडीपर्यंत पोहोचायची, याचे बरेचसे निर्णय त्याआधी पाच-सहा महिने, भातकापणीच्या दिवसांत, पंचायत समितीच्या आणि बांधकाम उपविभागाच्या टेबलांवर झालेले असतात. पुढील माहिती ग्रामपंचायतीचे सदस्य, नव्याने निवडून आलेले जिल्हा परिषद सदस्य आणि मुंबईत राहून गावाच्या कामांसाठी पत्रव्यवहार करणारी ग्रामस्थ मंडळे यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

निर्णय कोणाच्या हातात असतो

जिल्हा परिषदेचा कारभार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ या कायद्याखाली चालतो आणि तिचे हिशेब १९६८ च्या लेखा संहितेप्रमाणे ठेवले जातात. सर्व सदस्यांची सर्वसाधारण सभा सर्वांत वर. तिच्याखाली अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली बसणारी स्थायी समिती, आणि बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, पशुसंवर्धन, पाणीपुरवठा अशा विषयांच्या समित्या. पैशाचा विचार करणारी ती अर्थ समिती. तिचे सभापतीपद पुष्कळदा बांधकाम किंवा शिक्षण समितीच्या सभापतीपदाला जोडून एकाच व्यक्तीकडे दिलेले असते, आणि मुख्य लेखा व वित्त अधिकारी, ज्यांना कार्यालयात सगळेच कॅफो म्हणतात, ते या समितीचे सचिव असतात.

अर्थ समितीचे काम वर्षभर चालते. खात्यांकडून आलेल्या मागण्या उत्पन्नाच्या अंदाजाशी ताडून पाहणे, दरमहाच्या जमाखर्चाचा गोषवारा तपासणे, लेखापरीक्षणातले प्रलंबित आक्षेप मार्गी लावणे आणि शेवटी अर्थसंकल्पाचा मसुदा शिफारशीसह पुढे पाठवणे ही तिची मुख्य कामे होत. सर्वसाधारण सभेत अर्थसंकल्प मांडतात ते अर्थ सभापती, आणि कायद्याप्रमाणे तो २७ मार्चपूर्वी मंजूर व्हावा लागतो. मात्र सभापतींच्या भाषणापेक्षा कॅफोंच्या कार्यालयातून समितीपुढे येणारी टिपणी अधिक लक्षपूर्वक वाचावी, असे माझे मत आहे. कारण कोणत्या मागणीपुढे निधी उपलब्ध आहे असा शेरा पडला आणि कोणत्या मागणीपुढे पुढील वर्षी विचार व्हावा असा, हे त्या टिपणीतच ठरते, आणि समिती सहसा त्या शेऱ्याबाहेर जात नाही.

सदस्य निवडून आलेले नसतील तर काय होते, हेही कोकणाने पाहिले आहे. मार्च २०२२ मध्ये रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात समित्या आणि सर्वसाधारण सभा यांचे अधिकार प्रशासकच वापरत होते, त्यामुळे अर्थसंकल्प मंजूर होत राहिला, पण सभेत उभे राहून प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. प्रशासकाच्या काळात मंजूर झालेल्या कामांचे ओझे पुढे बराच काळ रेंगाळते. नव्या सदस्यांनी पहिल्याच बैठकीत या जुन्या दायित्वाची यादी मागून घ्यावी. ती हातात नसेल तर पुढल्या चर्चेला आधार राहत नाही.

कोणता पैसा समितीचा, कोणता नुसता तिच्या हातून जाणारा

जिल्हा परिषदेतून वर्षाला खर्च होणारी एकूण रक्कम मोठी दिसते, पण तिच्यातला फार मोठा भाग शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन आणि शासनाने सोपवलेल्या (हस्तांतरित) व शासनाच्या वतीने राबवायच्या (अभिकरण) योजनांचा असतो. तो ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च करायचा असतो. समितीला त्यात फिरवाफिरव करता येत नाही. समितीचे खरे स्वातंत्र्य स्वउत्पन्नापुरते, म्हणजे बोलीभाषेत ज्याला सेस म्हणतात तेवढ्यापुरते असते. जमीन महसुलावरचा स्थानिक उपकर, खरेदीखतांवर आकारला जाणारा एक टक्का मुद्रांक शुल्क अधिभार, ठेवींवरचे व्याज, स्वतःच्या इमारती व गाळ्यांचे भाडे, निविदा अर्जांची फी अशी ही मिळकत असते.

यांतला मुद्रांक शुल्काचा वाटा जिल्ह्याजिल्ह्यांत फार वेगळा पडतो. जमिनींचे मोठे व्यवहार होणाऱ्या रायगडला तो भरघोस मिळतो, सिंधुदुर्गाला तितका मिळत नाही. आणि रायगडमध्येही २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाल्यावर त्या हद्दीतली गावे जिल्हा परिषदेच्या क्षेत्रातून गेली. शिवाय हा पैसा आधी शासनाकडे जमा होतो आणि मग जिल्हा परिषदेला मिळतो, त्यामुळे जमेच्या बाजूला दाखवलेली रक्कम त्याच वर्षी हातात पडेलच असे नाही. अर्थसंकल्प शिलकी आहे असे कानावर आले की जमेची बाजू आधी उघडावी आणि मुद्रांक शुल्कापोटी गेल्या वर्षी किती धरले होते, किती आले, हे पाहावे. शिल्लक कागदावरची आहे की तिजोरीतली, याचा अंदाज तिथेच येतो.

स्वउत्पन्नातूनही सगळे मोकळे नसते. २० टक्के समाजकल्याणाकडे, १० टक्के महिला व बालकल्याणाकडे आणि ५ टक्के दिव्यांगांच्या योजनांकडे राखून ठेवावे लागतात. पाणीपुरवठा योजनांच्या देखभालीसाठीही वेगळी रक्कम बाजूला काढावी लागते. उरलेल्या पैशात कृषी, पशुसंवर्धन, शाळादुरुस्ती, रस्ते, साकव, अध्यक्ष-सभापतींची वाहने, सभांचा खर्च आणि वकिलांची फी अशी सगळी वाटणी होते. एखाद्या सदस्याला आपल्या गटात, म्हणजे मतदारसंघात, सेसमधून मिळणारी रक्कम इतकी कमी का, हे समजून घ्यायचे असेल तर ही वजाबाकी एकदा स्वतः कागदावर करून पाहावी.

गावातल्या लोकांचा सर्वांत मोठा गोंधळ मात्र जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समिती यांच्यात होतो. १९९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी असतात, आणि जिल्हा वार्षिक योजनेचा निधी ती वाटते. रस्त्यांची बहुतेक दृश्य कामे याच निधीतून होतात. कार्यालयात ज्यांना तीस चोपन्न आणि पन्नास चोपन्न म्हटले जाते ती ३०५४ व ५०५४ ही लेखाशीर्षे रस्ते व पूल यांची, तर पंचवीस पंधरा म्हणजे २५१५ हे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत सुविधांचे, थेट ग्रामविकास विभागाकडून येणारे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा पुन्हा निराळा: महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला अशी विभागणी होती, म्हणजे त्याचा मोठा भाग गावाच्याच खात्यात येत होता. आपले काम यांपैकी कोणत्या शीर्षात बसते हे ठरवल्याशिवाय अर्ज लिहू नये. चुकीच्या दारात दिलेला अर्ज नाकारला जात नाही, तो फक्त उचित कार्यवाहीस्तव इकडून तिकडे फिरत राहतो, आणि तेवढ्यात वर्ष जाते.

पुस्तिका कशी वाचावी

अर्थसंकल्पाची छापील पुस्तिका सभेपूर्वी सदस्यांना मिळते आणि पुढे ती पंचायत समितीत किंवा संकेतस्थळावर पाहायला मिळू शकते. तिच्यात प्रत्येक लेखाशीर्षासमोर रकमांचे चार स्तंभ असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा मूळ अंदाज. बातमीत येतो तो फक्त चौथा स्तंभ, आणि अर्थ दडलेला असतो पहिल्या तीन स्तंभांत.

समजा, साकव दुरुस्तीच्या ओळीत पहिल्या स्तंभात ६ लाख, दुसऱ्यात ४० लाख, तिसऱ्यात १२ लाख आणि चौथ्यात पुन्हा ४० लाख रुपये लिहिले आहेत. सभेत सांगितले जाईल की साकवांसाठी ४० लाखांची भरीव तरतूद केली आहे. पण ही ओळ आडवी वाचली तर दिसते की मागल्या वर्षी प्रत्यक्ष खर्च सहाच लाखांचा झाला, या वर्षीही चाळिसांचे बारा झाले, आणि आता तोच चाळीसचा आकडा पुन्हा छापला गेला आहे. अशा ठिकाणी अधिक रक्कम मागण्यात हशील नसते. २८ लाख रुपये कुठे वळवले आणि कोणत्या कारणाने, हा प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा तीनपैकी एक येते: प्रस्ताव वेळेत आले नाहीत, जागेची संमती मिळाली नाही, किंवा निविदेला प्रतिसाद मिळाला नाही. पहिल्या दोन्ही अडचणी गाव स्वतः दूर करू शकते, त्याविषयी पुढे येईलच.

काही शीर्षांसमोर एक हजार रुपये अशी नाममात्र तरतूद दिसते. ती थट्टा नसते. शीर्ष उघडे ठेवले तर वर्षाच्या मध्ये पुनर्विनियोजन करून, म्हणजे दुसऱ्या शीर्षातून वळवून, त्यात पैसा घालता येतो. शीर्षच नसेल तर त्यासाठी नव्याने खटाटोप करावा लागतो. म्हणून एखादी नवी योजना मोठ्या रकमेने बसत नसेल, तर सदस्याने निदान नाममात्र तरतुदीचा आग्रह धरावा.

दायित्व हा शब्दही नीट लक्षात घ्यावा. मागील वर्षांत मंजूर झालेल्या, पण अपुऱ्या राहिलेल्या किंवा देयक बाकी असलेल्या कामांची रक्कम नव्या तरतुदीतून आधी वजा होते, आणि जिल्हा वार्षिक योजनेत दायित्व वजा जाता उरलेल्या रकमेच्या दीडपट कामांचे नियोजन करण्याची पद्धत आहे. दीडपट कामे घेतली म्हणजे काही कामे आपोआप पुढल्या वर्षीच्या दायित्वात जाणार हे उघड आहे. आपले काम यादीत आहे एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. यादीत ते कितव्या क्रमांकावर आहे हे पाहावे लागते.

पावसाचे वर्ष आणि हिशेबाचे वर्ष

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि कोकणात कामाचे वर्ष ऑक्टोबरात. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि घाटालगत त्याहूनही अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर डांबरीकरण होत नाही, वहाळात (ओढ्यात) पाया खणता येत नाही, आणि वाडीवरच्या कच्च्या रस्त्याने खडीचा डंपर चढत नाही. एप्रिल-मे हे दोन महिने मोकळे मिळतात, पण तेव्हा नव्या वर्षाचा निधी नुकताच वितरित होऊ लागलेला असतो. याचा परिणाम असा की मार्चमध्ये मंजूर झालेल्या तरतुदीचे काम प्रत्यक्षात दिवाळीनंतर सुरू होते आणि पुढल्या मार्चअखेरीस देयक काढण्याची घाई होते. जिल्हा नियोजनाचा निधी खर्च करण्यासाठी जिल्हा परिषदेला दोन वर्षांची मुदत मिळते, परंतु दोन पावसाळे वगळले तर कामाचे महिने किती उरतात हे प्रत्येकाने मोजून पाहावे. अखर्चित निधी शासनाला परत गेल्याच्या बातम्या आल्या की सगळा दोष आळसाच्या माथी मारला जातो. त्यातला काही वाटा या पंचांगाचाही आहे, आणि नियोजन करताना ते धरून चालणे शहाणपणाचे ठरते.

म्हणून गावाने तयारी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपासून करावी. ठराव मोघम नसावा. "गावातील रस्ते व साकवांची कामे करण्यात यावीत" असा ठराव कोणत्याही शीर्षात बसत नाही आणि कोणताही शाखा अभियंता त्यावरून अंदाजपत्रक तयार करू शकत नाही. त्याऐवजी वरच्या वाडीतून शाळेकडे जाणारी पाखाडी, तिच्या वाटेतला वहाळ, दोन्ही काठांचे सर्व्हे क्रमांक, वहाळ ओलांडून जाणारी घरे आणि शाळेत जाणारी मुले किती, गेल्या पावसाळ्यात वाट किती दिवस बंद राहिली, हे सर्व एकाच ठरावात एकाच कामासाठी लिहावे. दुसऱ्या कामासाठी दुसरा ठराव करावा. एका ठरावात सात कामे घातली की मंजूर करणाऱ्याला त्यांतले सर्वांत स्वस्त काम उचलण्याची सोय होते.

ठरावासोबत रस्त्याची मालकी दाखवणारा कागद लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे ताब्यातील रस्त्यांच्या नोंदवहीत, ती वाट नोंदलेली आहे का हे आधी पाहावे. नोंद नसेल तर अभियंता जागेवर येण्यापूर्वीच प्रस्ताव अडतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. एकाच गावातून दोन्ही प्रकारचे रस्ते जात असतील तर ग्रामसेवकाकडून (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून) रस्त्याचा क्रमांक लिहून घ्यावा.

आता जागेची संमती. कोकणातल्या कामांचे घोडे इतक्या वेळा दुसऱ्या कशापाशीही अडत नाही. सातबारावर सामाईक वीस-पंचवीस नावे, त्यांतली काही मयत, वारसनोंद झालेली नाही, हयात असलेले निम्मे बोरिवली-विरारपासून बडोद्यापर्यंत पांगलेले, आणि एकाने हरकत घेतली की साकवाचा एक खांब हवेत राहतो. हे सगळे खातेदार वर्षातून एकदा, गणपतीला, एका घरात जमतात. संमतीपत्राचा मसुदा १५ ऑगस्टनंतर लगेच तयार करून ठेवावा आणि गणपतीच्या दिवसांत, आरतीनंतर सगळे बसलेले असताना, सह्या घ्याव्यात; विसर्जनानंतर परतीच्या गाड्या लागल्या की पुढली संधी थेट शिमग्याला येते आणि तोवर अर्थसंकल्पाचा मसुदा तयार झालेला असतो. पाण्याच्या टाकीसाठी किंवा विहिरीसाठी जागा कायमची द्यायची असेल तर नुसते संमतीपत्र पुरत नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे लागते. वहाळ खाडीला मिळण्याच्या जवळ असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी बांधकामावरच्या निर्बंधांचा, आणि जागा वनाखाली दाखवलेली असेल तर वनखात्याचा प्रश्न येतो. तो लपवल्याने सुटत नाही. प्रस्तावातच नमूद केल्यास निदान वेळ वाचतो.

ऑक्टोबरमध्ये हा संच पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि बांधकामाच्या उपअभियंत्यांकडे द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा. याच सुमारास खातेप्रमुख पुढल्या वर्षाच्या मागण्या गोळा करू लागतात. शाखा अभियंत्याने जागा पाहून अंदाजपत्रक केले की कामाला पहिल्यांदा रक्कम चिकटते, आणि रक्कम चिकटलेले कामच पुढे विषय समितीच्या यादीत जाते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्या गटाच्या सदस्याला त्या अंदाजपत्रकाची प्रत घेऊन भेटावे, जेणेकरून विषय समितीच्या मासिक सभेत तो कामाचे नाव, शीर्ष आणि रक्कम तिन्ही सांगू शकेल. जानेवारी-फेब्रुवारीत खात्यांच्या मागण्यांना अर्थ समितीत कात्री लागते. या दोन महिन्यांत निवेदनांचा पाऊस पडतो, मंत्र्यांसोबतचे फोटोही निघतात, पण तयार कागद असलेल्या कामापुढे त्यांचा फारसा टिकाव लागत नाही. निदान सेसच्या कामांबाबत तरी हे खरे आहे; जिल्हा नियोजनात राजकीय वजनाचा भाग मोठा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरतुदीपासून देयकापर्यंत

तरतूद झाली म्हणजे काम मंजूर झाले असे होत नाही. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, त्यानंतर निविदा किंवा काम वाटप समितीमार्फत मजूर सहकारी संस्था व सुशिक्षित बेरोजगार अभियंता यांना वाटप, मग कार्यारंभ आदेश, असा क्रम असतो. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात लेखाशीर्ष, रक्कम आणि कामाचे नाव असते, आणि ते नाव ठरावातल्या नावाशी शब्दशः जुळते का हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. नावात वाडी बदलली, साकवाऐवजी मोरी लिहिले गेले किंवा लांबी कमी झाली, तर पुढे दुरुस्तीसाठी तोच आदेश पुन्हा वरपर्यंत जातो आणि त्यात एक पावसाळा सहज निघून जातो.

निविदेच्या टप्प्यावर दोन गोष्टींकडे लक्ष असावे. एक, एका सलग कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली आणलेला नाही ना; असे करणे नियमबाह्य असून लेखापरीक्षणात आक्षेप हमखास निघतो. दुसरी, निविदा फारच बिलो, म्हणजे अंदाजित दरापेक्षा पुष्कळ कमी दराने गेलेली नाही ना. बिलो गेलेल्या कामात वाचलेला पैसा जिल्हा परिषदेला मिळतो हे खरे, पण काँक्रीटची जाडी कुठून तरी कमी होण्याची शक्यताही वाढते. अशा कामावर ग्रामपंचायतीने सुरुवातीपासून नजर ठेवावी आणि फलकावर कामाची रक्कम, ठेकेदाराचे नाव व मुदत लिहिलेली आहे याची खात्री करावी.

देयक निघते ते मोजमाप पुस्तिकेवरून. अभियंत्याने जागेवर घेतलेली मापे तिच्यात लिहिली जातात, उपअभियंता ती तपासतो, आणि मग देयक लेखा शाखेकडे जाते. वरवर नीरस वाटणारी ही वही गावाच्या दृष्टीने अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेइतकीच मोलाची आहे, कारण पाया किती खोल गेला हे काम पूर्ण झाल्यावर फक्त तिच्यातूनच कळते.

वर्षाच्या मध्ये आकडे बदलतात तेव्हा

मार्चमध्ये मंजूर झालेला अर्थसंकल्प वर्षभर तसाच राहत नाही. पुरवणी आणि सुधारित अंदाज येतात, एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात पुनर्विनियोजन होते. कधी ते अपरिहार्य असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत शाळांची कौले आणि पत्रे उडून गेले. त्याच वर्षी करोनामुळे शासनाने बहुतेक योजनांचा निधी अर्थसंकल्पित रकमेच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला होता. अशा वर्षी रस्त्याचा पैसा शाळेच्या छपराकडे वळवणाऱ्याला दोष देता येत नाही. मात्र आपत्ती नसतानाही जानेवारी-फेब्रुवारीत पुनर्विनियोजनाचे प्रस्ताव येतात, आणि ते सभेच्या विषयपत्रिकेत अगदी शेवटी, ऐनवेळच्या विषयांत असतात. सदस्याने अशा प्रत्येक प्रस्तावावर दोनच प्रश्न विचारावेत: रक्कम कोणत्या शीर्षातून निघते आणि त्या शीर्षातली कोणती कामे त्यामुळे राहतात. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. सभेत झालेली तोंडी चर्चा पुढल्या महिन्यात कोणाच्याही लक्षात राहत नाही, आणि पुढील सभेत इतिवृत्त कायम करताना गप्प बसले तर चुकीची नोंदही कायम होते.

हिशेबाची तपासणी पुढे अनेक पातळ्यांवर होते. स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालय दरवर्षी आक्षेप काढते, आणि विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली की जुन्या फायलींवरची धूळ दोन दिवस आधीच झटकली जाते. या तपासण्या उपयोगी असल्या तरी त्या बऱ्याच वर्षांनी होतात. तोवर साकव एक तर उभा असतो किंवा वाहून गेलेला असतो.

नागरिकाला तितके थांबण्याची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचे शुल्क भरून करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. म्हणून "गावातील सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी" असे न लिहिता कामाचे नाव, वर्ष आणि लेखाशीर्ष देऊन प्रशासकीय मान्यतेचा आदेश, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेल्या देयकाची प्रत एवढेच मागावे. अर्ज ज्या कार्यालयाने काम केले तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा बांधकाम उपविभागात द्यावा. उत्तर आले नाही तर वीस रुपयांचे शुल्क भरून त्याच खात्याच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराची अनामत रक्कम दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याच्या मुदतीपर्यंत, जिल्हा परिषदेकडे राहते. कार्यारंभ आदेशात किंवा करारात ही मुदत लिहिलेली असते, आणि ती तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवरल्या दिनदर्शिकेत मांडून ठेवावी. पहिला पावसाळा संपल्यावर, नवरात्राच्या सुमारास वहाळाचे पाणी उतरले की सरपंचांनी दोन सदस्यांसह साकवाखाली उतरून खांबाच्या पायथ्याशी माती वाहून गेली आहे का, स्लॅबच्या खालून सळई उघडी पडली आहे का आणि जोडरस्त्याचा भराव खचला आहे का, हे पाहावे. दोष दिसल्यास छायाचित्रे जोडून उपअभियंत्यांना लेखी कळवावे, पत्राची प्रत कॅफोंच्या कार्यालयातही द्यावी आणि दोन्ही ठिकाणचे आवक क्रमांक घ्यावेत, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करण्याच्या टिपणीवर ते पत्र जोडले गेलेले असेल.